दार फाळणीच्या दिवशी कोण आलं होतं

देव एक

छावणी, औरंगाबाद
ता. १६ ऑगस्ट १९५९

चि. हसाजी यास आवडाबायचे अ. उ. आ.

तू सिप्पोराला माझ्याकडं पोचवून गेलास त्याला पंधरा दिवस झाले. पोर बरी आहे. सातवा सरत आलाय. पायाला थोडी सूज दिसते, पण मी चाळीस वर्षं बाळंतपणंच केलीत, तेव्हा तू अलिबागेत बसून मला सुईणपण शिकवू नकोस. तिचा नवरा इस्राएलातून दर आठवड्याला पत्र धाडतो. बाळंतपण झालं की बोटीनं बोलावून घेतो म्हणतो. ती पत्रं उशाखाली ठेवून झोपते.

तू दिलेले कडवे वाल भिजवून मोड आणले आणि बिरड्याचा सण साजरा केला. इथं बिरडं म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात. नऊ दिवस मटण-मासळी नाय, नवव्या दिवशी उपास, जमिनीवर बसून येरुशलेमचं मंदिर पडल्याचं रडणं, सगळं रीतसर केलं. सिप्पोराही उपास धरायला निघाली होती. मी तिला दटावून पेज पाजली. तिनं विचारलं की दोन हजार वर्षांमागं पडलेल्या मंदिरासाठी अजून का रडायचं. मी म्हटलं, जे मोडलं त्याचा विसर पडला तर ते परत उभं कसं राहील बाई?

पण हसाजी, हा सण झाला की मी दिवस मोजायला लागते. आता दोन महिन्यांवर दार फाळणी, वर्षाची माफी मागायचा उपास. सिप्पोराला अलिबागेतल्या सिनेगॉगची सवय. या गावात आपलं एकच घर, म्हणून आपण जुन्या रिवाजानं दार लावून आत बसतो, पांढरे कपडे घालतो, पाण्याचा घोट घेत नाय, परक्या माणसाचं तोंड बघत नाय, हे तिला मी समजावून सांगितलं. 

पोलीस ॲक्शन झाली त्या सालची दार फाळणी मला सोडत नाय. तुझी बायको रिबका जाऊन सहा महिने झालेले, तू आणि सिप्पोरा माझ्याकडं राहायला होता, पोर तापानं फणफणलेली. भर दुपारी दारावर तीन थापा पडल्या. मी आत पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तू उठून फटीतून बघितलंस आणि आत येऊन म्हणालास की घरं धुंडाळत फिरणारी माणसं आहेत, हूं की चूं करू नको. मी गप बसले. थापा परत पडल्या, मग थांबल्या. तेव्हापासून दर साली त्या दिवशी दुपारी मला त्या थापा ऐकू येतात. कान झाकले तरी येतात. यंदा तुझी दोन जिवांची लेक त्याच दारात बसणार, म्हणून भीती जास्त.

तू इथं दोन दिवस होतास तेव्हा विचारीन म्हटलं तर तुझं एकच, मोटार चुकेल, मोटार चुकेल. आता कागदावर विचारते. कोण होतं रे?

एक गोष्ट राहिली. समोरच्या घरातली सरूबाई आठवते? त्या दार फाळणीनंतर दोन दिवसांत घराला कुलूप लावून न सांगता निघून गेली ती. ती देवगाव रंगारीला असते असं काल भाजीवालीनं सांगितलं. एकदा जाऊन यावं म्हणते.

जपून राहा आणि बहिणीला विसरू नकोस.

तुझी
आवडाबाय


देव एक

अलिबाग
ता. २५ ऑगस्ट १९५९

ती. स्व. आवडाबाय हिच्या सेवेशी, हसाजीचा सा. न.

तुझे पत्र आले. सिप्पोराच्या पायाची सूज वाचून जेवण गेले नाही. तिला मीठ कमी दे. जिना चढू देऊ नकोस. तिन्हीसांजेला परसात एकटी सोडू नकोस. तू हसशील, हस. तुझी तपकिरीची डबी मात्र तिच्यापासून लांब ठेव, शिंकून शिंकून पोर अर्धी होईल.

इथे सगळे ठीक आहे. एलुल महिना लागेल तसे पहाटे उठून माफीच्या प्रार्थनेला जायचे. एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या नावाने मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरे, वर पाच फळे. सिप्पोरा सुखरूप सुटू दे एवढेच मागितले. हल्ली दुसरे काही मागायला तोंडच उघडत नाही.

तू विचारलेस त्याला अकरा वर्षे झाली. कोण असणार? मोकाट कुत्रे दाराला अंग घासत होते. ते दिवसच तसे होते, पानाची सळसळ झाली तरी माणसाची पाचावर धारण बसे. तू उगीच मनाला लावून घेतेस. आणि हे देवगावचे काय काढलेस? त्या बाईला आपली आठवणही नसेल. या वयात मोटारीचे हादरे खायचे, सिप्पोराला घरी एकटे टाकायचे, कशासाठी? तुला माझ्या गळ्याची शपथ, जाऊ नकोस. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

दार फाळणीला कडी नीट लावून घे. आतून अडसरही घाल. कुणीही आले तरी उघडू नकोस, यंदा तर मुळीच नको.

सिप्पोराला पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
हसाजी


देव एक

छावणी, औरंगाबाद
ता. ८ सप्टेंबर १९५९

चि. हसाजी यास अ. उ. आ.

अकरा वर्षांमागं माणसं होती, आता त्याचं कुत्रं कसं झालं रे? आणि झाकली मूठ असं तू लिहिलंस तिथंच मला कळलं की मुठीत काहीतरी आहे. शेजारच्या वच्छलाबाईला सिप्पोराजवळ बसवलं आणि मी परवा देवगावला जाऊन आले.

 गावात विचारत विचारत घर सापडलं. सरूबाई ओट्यावर बसली होती, एक पोरगी सुपात ज्वारी पाखडत होती. मला बघून सरूबाईनं पोरगीला आत जायला सांगितलं. बस म्हणाली नाय. पाणी विचारलं नाय. मी उभ्यानंच म्हटलं की त्या सालच्या आमच्या सणाच्या दिवशी दारावर कोण आलं होतं ते तुला ठाऊक आहे का.

तिनं पोरीनं टाकलेलं सूप जवळ ओढलं. मग म्हणाली, मीच आले होते.

हसाजी, मी तिच्या ओट्याखालीच बसले. तिनं सगळं सांगितलं, रडली नाय, एकसुरी सांगितलं. तिची भागू पहिलटकरीण, माहेरी आलेली. पहाटेपासून अडली होती. गल्लीतली जुनी सुईण त्या धांदलीत गावाकडं पळालेली. रस्त्यानं दवाखान्यात न्यायचं तर बंदोबस्त. समोर यहुदीण बाई आहे, अख्ख्या छावणीची बाळंतपणं करते, तिच्याकडं जाऊ म्हणून आली. ओरडायची सोय नव्हती, ओरडलं की सगळी गल्ली दारं लावून घ्यायची, म्हणून दबक्या आवाजात म्हणाली की बाई, दार उघडा, लेक मरती. मी आतल्या खोलीत, मला थापा तेवढ्या ऐकू आल्या. तिनं फटीला तोंड लावलं तेव्हा पलीकडं चष्म्याची काच चमकली. काचेमागं डोळा होता. तो तिच्याकडं बघत होता, तिनं त्याला हात जोडले, आणि तो डोळा गेला.

दिवस मावळायच्या आत भागू गेली.

मी तिला आमचा रिवाज सांगितला. त्या दिवशी आम्ही दार लावतो, देवाकडं वर्षाची माफी मागतो, असं म्हणाले. ती म्हणाली, मग मिळाली का माफी?  मी तिच्या पायाला हात लावायला गेले तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली की तुम्ही बघितलं नव्हतं बाई, तुमचं माझं काही नाय. ज्यानं बघितलं त्याचं आहे.

आपल्या घरात त्या वेळी चष्मा एकट्यालाच होता. मी पुढं लिहीत नाय. तूच लिही.

आवडाबाय


देव एक

अलिबाग
ता. १५ सप्टेंबर १९५९

ती. स्व. आवडाबाय, तुझ्या पायांवर डोके.

मीच होतो. मी तिला ओळखले. ती काय म्हणते तेही ऐकले, शब्द न् शब्द ऐकला. कुत्रे नव्हते, माणसे नव्हती. मी तुझ्याशी खोटे बोललो, त्या दिवशी बोललो आणि परवाच्या पत्रातही बोललो.

कारण सांगतो, ते कारण म्हणून चालणार नाही हे ठाऊक असून सांगतो. रिबकाला त्याच तापाने नेले होते. सिप्पोराच्या तापाचा एकोणिसावा दिवस होता आणि तू आदल्या दिवशी मान हलवली होतीस, मी ती बघितली होती. मी देवाला बोललो की ही दार फाळणी आम्ही सूतभरही न चुकता पाळू, दार उघडणार नाही, परके तोंड बघणार नाही, तू फक्त पोर ठेव. दुपारी ती बाई आली. दार उघडले तर नवस मोडतो आणि माझी लेक जाते, असे मला वाटले. तुला सांगितले असते तर तू धावली असतीस, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणून सांगितले नाही. संध्याकाळी सिप्पोराला घाम फुटला, ताप उतरला. त्याच वेळी समोरच्या घरातून रडे ऐकू आले. ते तूही ऐकलेस. कुणी म्हातारे गेले असेल असे मी तुला म्हणालो.

माझी लेक जगली ती दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर, हे मला त्याच संध्याकाळी कळले होते. नोकरीची बदली मीच मागून घेतली. अकरा वर्षे मी सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर बसतो आणि लोक मला धार्मिक म्हणतात. आता सिप्पोरा त्याच घरात पहिलटकरीण आहे. आवडाबाय, देव मापाला माप देतो. तिला त्या घरात आणून सोडणे मला नको होते, पण तुझ्याइतका जाणता हात दुसरा नव्हता. मला रोज वाटते की तार येणार. टपालवाला दिसला की मी दाराआड होतो.

आमचे हजान, प्रार्थना चालवतात ते, त्यांना मी दुसऱ्या कुणाचे म्हणून विचारले. ते म्हणाले की देवाचा गुन्हा देव माफ करतो, पण माणसाचा गुन्हा त्या माणसाने माफ करेपर्यंत देवही हात लावत नाही. तीन वेळा मागायची. मी पहिले पत्र सरूबाईला आज टाकले.

तू मला काहीही बोल, पण सिप्पोराचा हात सोडू नकोस.

हसाजी


देव एक

छावणी, औरंगाबाद
ता. २१ सप्टेंबर १९५९

हसाजी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाय, पण तू माझ्या मांडीवर वाढलास, म्हणून देव तुझं भलं करो.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भांडी आदळत होते. सिप्पोराला वाटलं तिचंच काही चुकलं. अरे, मला एक हाक मारली असतीस! जीव वाचवायला शनिवारचा शब्बाथ मोडावा, उपास मोडावा, असं आपला बाप घसा फोडून सांगायचा. तू त्याचा लेक ना? देवाशी कसला सौदा केलास? त्यानं काय दाराला कान लावले होते, कडी वाजली की पोरीला उचलायला? त्या दिवशी आपण त्याला म्हणत होतो की तुझे दरवाजे आमच्यासाठी उघड, आणि आपलंच दार आपण दाबून धरलं होतं.

माझे हात त्या पोरीपर्यंत पोचले असते. वाचली असती की नसती ते देव जाणे, पण माझे हात तिच्यापाशी असते. ते तू चोरलंस माझ्याकडून. एवढं बोलून झालं. आता मला राग परवडत नाय, कारण भीती त्याहून मोठी आहे.

पोर पायाळू आहे. मी रोज पोट चाचपते, डोकं वर, पाय खाली. अजून फिरेल, दिवस आहेत, असं सिप्पोराला म्हणते. ती हसते आणि विचारते की पायाळू माणसावर वीज पडते ते खरं का. मी म्हणते, तुझी आत्या पायाळूच, अजून तपकीर ओढतेय. पण माझा उजवा हात हल्ली सुई ओवताना थरथरतो, हे तिला ठाऊक नाय. डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्यांनी धीर दिला. तू माझ्यावर भार टाकून मोकळा झालास, पण माझीही झोप उडालीय.

सिप्पोराला मी काही सांगितलं नाय. तिच्या जगण्याला कुणाचं मरण चिकटलंय हे पोटुशा बाईला सांगायचं नसतं.

आणि कागदावर माफी मागतोस? तिनं काय तुला पत्र टाकलं होतं? ती पायी आली होती. तूही पायी जा. सिप्पोराचं माझ्यावर सोड, तुझं तू बघ.

आवडाबाय


देव एक

देवगाव रंगारी
ता. ९ ऑक्टोबर १९५९, शुक्रवार

ती. स्व. आवडाबाय हिला सा. न.

पहिले पत्र न फोडता परत आले. दुसरेही आले. नव्याचा सण, आपला वर्षाचा पहिला दिवस, कसा गेला ते मला आठवत नाही. शिंगाचे शोफार वाजले तेव्हा सगळे ताठ उभे होते, मी बाकाला धरून उभा होतो. म्हणून निघालो, आणि तुझ्याकडे न येता थेट इथे आलो. तुझ्याकडे आलो असतो तर सिप्पोराचे तोंड बघून तिथेच बसलो असतो. तिथून परत निघायचे धैर्य माझ्यात नाही.

आज सकाळी सरूबाईच्या दारावर थाप दिली. तिने उघडले. माझा चष्मा बघितला आणि दार लावून घेतले. मी बाहेरून बोललो. सगळे बोललो, नवस, ताप, खोटे. गल्लीतली माणसे जमली. एकाने विचारले की म्हातारबा, कुणाला शोधता? मी म्हटले, सापडली आहे, ती उघडत नाही एवढेच. लोक हसले आणि पांगले.

ही तिसरी वेळ. तीनदा मागून नाही मिळाली तर मागणारा सुटला असे हजान म्हणाले होते. पण मी सुटलो असे मला वाटत नाही. आता मोटार पकडून तुझ्याकडे यावे की इथेच बसावे, हे दुपारपासून ठरवतो आहे. सिप्पोराचे दिवस भरलेत. मी इथे असताना तिचे काही झाले तर? आणि मी इथून उठलो म्हणून काही झाले तर? दोन्हीकडे विहीरच दिसते.

बसतो आहे. महादेवाच्या देवळातल्या बद्रीनाथ पुजाऱ्याने ओसरीवर आडवे व्हायला जागा दिली आहे. पिशवीत पांढरे कपडे आहेत. उद्या शब्बाथ, परवा सांजेपासून दार फाळणी. आपण ती नेहमी दाराच्या आत बसून केली. मी यंदा बाहेर बसून करतो.

पोरीसाठी प्रार्थना कर. माझ्यासाठी उरली तर कर.

हसाजी


देव एक

देवगाव रंगारी
ता. १३ ऑक्टोबर १९५९, सकाळ

ती. स्व. आवडाबाय हिला सा. न.

हे पत्र मोटारीच्या कारभारी ड्रायव्हरजवळ देतो आहे, तो तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उतरून देईल. संध्याकाळी तो परत येतो. सिप्पोराचे काय ते दोन ओळींनी कळव. तोवर माझा श्वास वर अडकलेला आहे.

काल मी उजाडल्यापासून सरूबाईच्या ओट्याखाली बसलो. पाठ असलेल्या प्रार्थना म्हटल्या, नसलेल्या सोडल्या. दहा माणसे नाहीत, हजान नाही, समोर फक्त एक बंद दार. दुपारी ऊन कपाळावर आले. त्याच वेळेला ती आपल्या दाराशी आली होती. तेव्हा कळले की बाहेर उभे राहिलेल्या माणसाला दार केवढे मोठे दिसते. मी तीन थापा दिल्या. कुणी आले नाही. परत दिल्या. मग मी फटीकडे बघितले, आणि आवडाबाय, फटीतून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी किंचाळलोच असतो. तो डोळा गेला, थोड्या वेळाने परत आला. दिवसभर तो येत जात राहिला. कुणाचा ते कळले नाही. मी हात जोडून बसून राहिलो.

माझ्या मनात एकच चालले होते. आत्ता, या क्षणी, तिकडे काय होत असेल? आत्ता कळा सुरू झाल्या असतील. आत्ता तू हात टेकले असशील. मी देवाला काही कबूल केले नाही. यावेळी नवस बोललो नाही. फक्त भागूचे नाव घेतले, तिच्यासाठी कदीश, गेलेल्या माणसाची प्रार्थना, म्हटला. दहा माणसांशिवाय तो म्हणायचा नसतो, ठाऊक आहे. तिच्यासाठी म्हणायला आणखी कोण होते?

दिवस मावळला आणि देवळात बद्रीनाथने शंख फुंकला. आपल्याकडे त्या वेळेला शोफार वाजते. मला हुंदका आवरला नाही. तेव्हा दार उघडले. सरूबाई बाहेर आली, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आत गेली, कडी लागली. मी पाणी प्यायलो. पाणी दिले, माफी दिली नाही. पण पाणी दिले.

मला लवकर कळव.

हसाजी


देव एक

छावणी, औरंगाबाद
ता. १३ ऑक्टोबर १९५९, शिळा सण

चि. हसाजी यास अ. उ. आ.

आधी श्वास सोड. मुलगी झाली. आज सकाळी नऊला. दोघी जिवंत आहेत. सिप्पोरा झोपलीय, मुलगी माझ्या मांडीवर आहे आणि मी एका हातानं हे लिहितेय. कारभारी बाहेर हॉर्न वाजवतोय, त्याला म्हटलं, थांब रे बाबा, तुझ्या मोटारीपेक्षा मोठी खबर आहे.

आता क्रमानं सांगते. परवा सांजेला पितर घरी येतात म्हणून त्यांच्या नावाचा मलिदा ठेवला. आई, बाबा, माझा नवरा, रिबका. मग एक ताट आणखी ठेवलं, भागूच्या नावाचं. सिप्पोरानं विचारलं ही कोण. मी म्हटलं, आपलीच एक. आणि दार लावलं नाय. तू अडसर घाल म्हणाला होतास, मी दोन्ही फळ्या भिंतीला लावून ठेवल्या. सारी रात्र उघडं.

काल दुपारी कळा सुरू झाल्या. पोर फिरलं नव्हतंच.  उपाशी पोट, थरथरता हात आणि पाय खाली असलेलं पोर. चाळीस वर्षांत असं भ्यायले नव्हते. मला त्या थापा ऐकू येतील म्हणून मी वाट बघत होते. पण दार उघडंच होतं, थापा मारणार कोण कशावर? वच्छलाबाईनं रस्त्यावरून सिप्पोराचं कण्हणं ऐकलं आणि सरळ आत आली. तिनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्याही सरळ आत आल्या. दार लावलेलं असतं तर मी एकटी होते.

मग मी माठातलं पाणी ओतून घेतलं आणि प्यायले. दार फाळणीला, भर दुपारी, वर गूळ-भाकरी खाल्ली. जन्मात पहिल्यांदा. हाताची थरथर थांबली. आज सकाळी आधी दोन पाय आले, मग अंग, मग डोकं अडलं, आणि त्या घटकेला मी देवाला काय बोलले ते तुला सांगणार नाय. मग रडली. आवाज म्हणशील तर तुझ्यासारखाच, उगाच घाबरट. सिप्पोरा नाव रिबका ठेवू म्हणते.

आज शिळ्या सणाला पितर परत जातात, म्हणून दारात भिकाऱ्यांना वाटलं. भागूच्या ताटातलं मी स्वतःच्या हातानं वाटलं.

आता तू एक कर. सरूबाईच्या दाराबाहेर उभं राहून तिला सांग की लेक झाली, सुटली. ती उघडो न उघडो. मग उद्याच्या मोटारीनं घरी ये. तिनं पाणी दिलंय, ते लहान समजू नकोस.

आवडाबाय


श्री

देवगाव रंगारी
ता. १२ नोव्हेंबर १९५९

आवडाबाईंना सरूबाईचा रामराम.

तुमची भाची सुटली हे तुमचे भाऊ दाराबाहेरून सांगून गेले. मी आतून ऐकलं.  

माफ केलं असं मी म्हणणार नाय. तसं तोंडात येत नाय. देवळात जाऊन म्हणून बघितलं, तिथंबी नाय आलं. पण ते म्हातारं माझ्या दारात चार दिवस बसलं. शेवटल्या दिवशी मी एकदाबी बघितलं नाय, मला बघवलं नसतं. पण ही पोरगी फटीला डोळा लावून बसली व्हती आणि मला येऊन सांगायची, आजी, अजून पाणी पिलं नाय, आजी, अजून बसलंय, आजी, रडतंय. सांजेला तीच म्हणाली की आता पाणी दे, नायतर मी देते.

संगं एक टोपडं धाडते आहे. भागूनं शिवलं व्हतं. ते एकदाच वापरलंय, मऊ आहे. तुमच्या पोरीला घाला.

तुमच्या भावाला सांगा, पुढच्या साली तुमच्या त्या दिवशी मी छावणीत येणार आहे. तुम्ही दार उघडं ठेवता असं कारभारीनं सांगितलं. तसं नका करू. तुमच्या रिवाजापरमाणं दार लावा. तुमचे भाऊ आत बसू द्या. मी दुपारी येते. मी वाजवते. मग त्यांनी उघडायचं.

पोरीला, लेकीला आशीर्वाद. बाकी सगळं तेव्हा बोलू.

सरूबाई, तिचा अंगठा

पत्र लिहिणार
मनकर्णा, वय अकरा, इयत्ता पाचवी
भागूबाईची लेक